अजून एक थर नको, आहे त्यातला एक काढा

तुम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून बॉस्टनला आलात, एप्रिलच्या मॅरेथॉनची तयारी करताय आणि रविवारी उणे ६ मध्ये सुती टी-शर्ट, त्यावर स्वेटशर्ट, त्यावर फुगीर डाऊन जॅकेट घालून निघालात. पाच किलोमीटरपर्यंत घामाच्या धारा लागल्या आणि बारानंतर दात वाजायला लागले. आता विचारताय, यावर अजून काय घालू?

काहीही नको. उलट काढा. तुम्हाला गारठवलं ते तुमच्याच घामाने. ओलं कापड अंगाला चिकटलं की उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते, आणि सुती कापड घाम शोषून बसतं, वाळत नाही. दमून वेग कमी झाला की आतली भट्टीही मंदावते. मग कुडकुडणं आलंच.

हे मी भोगलेलं आहे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात न्यूटनच्या चढांवर लांब पल्ल्याला गेले होते, आत सुती बनियन. परतताना शेवटचे तीन किलोमीटर चालत यावं लागलं. दाराशी पोचले तर बोटांत किल्ली धरता येईना. शेजारच्या आजींनी दार उघडून दिलं. त्या दिवसापासून थंडीतल्या धावण्यासाठी सुती कपडा अंगाला लावलेला नाही.

हिशोब सोपा ठेवा. बाहेर जे तापमान असेल त्यात आठ-दहा अंश मिळवा आणि तेवढ्या थंडीत नुसतं फिरायला जाताना जे घालाल ते घाला. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर हुडहुडी भरलीच पाहिजे. दहा मिनिटांत ती जाते. निघतानाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले.

शून्याच्या आसपास मला पूर्ण बाह्यांचा एक घाम न धरणारा टी-शर्ट, पातळ विंडचीटर आणि टाइट्स पुरतात. उणे १० ला आतला थर मेरिनो लोकरीचा, अंगाला लागून बसणारा. त्याच्याही खाली पारा गेला तर मध्ये अजून एक पातळ थर. विंडचीटर पुढे चेन असलेलाच घ्या. चढ आला की चेन छातीपर्यंत खाली, उतारावर परत वर. घाम आवरायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रं जरूर घ्यावीत. याबद्दल कोणी बोलत नाही, पण तिथेही हिमदंश होतो.

हातांसाठी पाच बोटांचे मोजे उणे ५ च्या खाली मला पुरत नाहीत. चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या, आत पातळ मोजे. एनर्जी जेलही तिथेच ठेवा, खिशात ते गोठून घट्ट होतं. पायांत मात्र मोज्यांच्या दोन जोड्या घालू नका. बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात.

आईने पाठवलेली माकडटोपी चालेल का, असंही विचारलंय. लोकरीची आहे, कानाला उत्तम. पण तोंडापुढचा भाग श्वासाने ओला होतो आणि वीसेक मिनिटांत तिथे बर्फाचा कडक पापुद्रा धरतो. म्हणून मी कानटोपी घालते आणि गळ्यात वेगळा बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, ठेवते. ओला झाला की फिरवून कोरडी बाजू तोंडावर घेते. गालांना आणि नाकाच्या शेंड्याला पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

चार्ल्स नदीकाठी धावताना वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नका. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० सारखं लागतं. जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलट केलंत तर घामेजलेल्या अंगाने वाऱ्यात शिराल. गाल किंवा बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, सरळ आत जाऊन ऊब द्या. वाऱ्यासकट उणे २८ च्या खाली जात असेल, किंवा रस्त्यावर काळा बर्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर, असेल, तर त्या दिवशी ट्रेडमिल. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे कामावरून आल्यावर धावणार असाल तर चमकणारं जाकीट आणि डोक्याला दिवा हवाच.

धावून आल्यावर पाच मिनिटांत ओले कपडे बदला. बायकांनी स्पोर्ट्स ब्रासुद्धा. तीच सगळ्यात उशिरा वाळते. तुमचं ते डाऊन जॅकेट इथे कामाचं, गाडीत तयार ठेवा.

शर्यतीच्या दिवसाचे कपडे आत्ता ठरवू नका. २०१२ ला एप्रिलात भाजून काढणारं ऊन होतं, २०१८ ला गार पाऊस आणि समोरून वारा. एक गोष्ट मात्र नक्की: हॉपकिंटनला सुरुवातीआधी बराच वेळ उघड्यावर थांबावं लागतं. लोक अंगावर जुने कपडे घालून थांबतात आणि निघताना काढून टाकतात. ते गोळा करून दान केले जातात. तुमचा सुती स्वेटशर्ट त्या सकाळसाठी बाजूला काढून ठेवा.