स्वीडनला 'समाजवादी देश' म्हणावे का?

वेंगुर्ल्याहून प्रश्न आला आहे. तिथल्या वाचकांत एका लेखातल्या 'स्वीडन, डेन्मार्कसारखे समाजवादी देश' या शब्दांवरून वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की शिक्षण फुकट, दवाखाना जवळजवळ फुकट, बेकाराला भत्ता, म्हाताऱ्याला पेन्शन. समाजवाद याहून वेगळा काय असतो? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कारखाने खासगी, शेअरबाजार जोरात, मग समाजवाद कुठला? मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा, असे त्यांनी विचारले आहे.

शब्दाचा विचार केला तर दुसरी बाजू बरोबर आहे. मात्र पहिल्या बाजूच्या पाठीशी भारताचे सर्वोच्च न्यायालय आहे, त्यामुळे तिला चूक म्हणून मोकळे होता येत नाही.

आधी शब्द पाहू. आज आपण 'समाजवाद' म्हणतो, पण जुन्या मराठी लिखाणात 'समाजसत्तावाद' हा शब्द भेटतो. त्यातली 'सत्ता' राज्यकर्त्यांची खुर्ची नव्हे. गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका काढली की तिच्यावर 'सत्ता प्रकार' असा रकाना दिसतो. जमीन सरकारची की खासगी, कोणत्या हक्काने धरलेली, हे तिथे लिहिलेले असते. समाजसत्तावाद म्हणजे उत्पादनाच्या साधनांवर समाजाची ही असली सत्ता. शब्द आखडला, मधली 'सत्ता' गळाली आणि उरलेल्या 'समाजवादा'त समाजासाठी केलेले कोणतेही चांगले काम बसू लागले. माझ्या मते गोंधळाचे मूळ इथे आहे.

दुसरे कारण प्रत्ययात आहे. मराठीत आपण 'भांडवलशाही' म्हणतो, पण तिच्यासमोर 'समाजवाद' ठेवतो. 'शाही' म्हणजे चालू असलेली व्यवस्था, 'वाद' म्हणजे विचार. हिंदीत 'पूँजीवाद' आणि 'समाजवाद' अशी समान जोडी आहे, आपल्याकडे नाही. म्हणून एखाद्या देशातला सत्ताधारी पक्ष समाजवादी विचारांचा असला की देशच 'समाजवादी' ठरतो. तिथली व्यवस्था कोणती, हे कोणी तपासत नाही.

तपासायचे कसे, ते किनाऱ्यावरच बघता येते. जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची मासेमारी, संघाची असते तिथे जाळे आणि होडी सभासदांची सामाईक, आणि मासळीचे वाटे त्यांच्यात पडतात. साधन सगळ्यांचे, म्हणून उत्पन्नही सगळ्यांचे. आता ट्रॉलर घ्या. बोट मालकाच्या नावावर, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी पगारावर किंवा वाट्यावर. उद्या सरकारने मालकावर कर बसवून त्यातून खलाशांचा विमा काढला, त्यांच्या मुलांची फी भरली, पावसाळी बंदीच्या महिन्यांत त्यांना भत्ता दिला, तर खलाशाचे जगणे खूप सुधारेल. पण बोटीच्या नोंदणीवर नाव मालकाचेच राहील. पहिला प्रकार समाजवादाच्या जातीचा, दुसरा कल्याणकारी राज्याचा. आणि वाट्यावरच्या खलाशाला मासळीत वाटा असतो, बोटीत नसतो. फसगत होते ती याच जागी: उत्पन्नातला वाटा ही साधनाची मालकी समजली जाते.

स्वीडन आणि डेन्मार्क दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोन्हीकडे मोठे उद्योग बहुतांशी खासगी आहेत. फुकट सेवांचा खर्च श्रीमंतांवरच्या करातून निघतो, हा समजही अपुरा आहे. दोन्ही देशांत मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे, म्हणजे बाजारहाट करणारा प्रत्येक जण तो खर्च उचलतो. स्वीडनने वारसा कर २००४ मध्ये आणि संपत्ती कर २००७ मध्ये रद्द केला. डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान लार्स लोक्के रासमुसेन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेत भाषण करताना आपला देश समाजवादी नियोजनाचा नसून बाजार अर्थव्यवस्थेचा आहे, असे स्पष्ट केले होते.

स्वीडनमध्ये मालकीचा प्रश्न एकदा खरोखर उभा राहिला होता. १९७०च्या दशकात कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांनी योजना मांडली: मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्क्यांइतके नवे शेअर काढून ते कामगारांच्या निधीला द्यावेत. म्हणजे काही वर्षांनी कंपन्यांची मालकीच हळूहळू कामगारांकडे सरकली असती. कायदा १९८३ मध्ये झाला तो पुष्कळ सौम्य होऊन, आणि १९९१ मध्ये सरकार बदलल्यावर ते निधी गुंडाळले गेले. पेन्शन राहिली, दवाखाने राहिले, मालकी मात्र सरकली नाही. याहून स्पष्ट उत्तर त्या देशाने द्यायचे ते काय?

उलट बाजूने जर्मनी पाहा. तिथला चॅन्सेलर बिस्मार्क याने १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदी आणणारा कायदा केला आणि तो १८९० पर्यंत चालला. त्याच काळात त्याने १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये कामावरच्या अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा आणला. पेन्शन म्हणजेच समाजवाद असेल, तर समाजवाद्यांना तुरुंगात टाकणारा बिस्मार्क समाजवादी ठरेल.

बाजार असणे ही मात्र कसोटी नव्हे. युगोस्लाव्हियात १९५० च्या कायद्याने कारखान्यांचा कारभार कामगार मंडळांकडे गेला, आणि तरीही माल बाजारातच विकला जाई. त्याला 'बाजार समाजवाद' म्हणतात. म्हणून 'तिथे बाजार आहे, म्हणजे समाजवाद नाही' हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद तेवढा सोडून द्यावा. विचारायचे ते मालकीबद्दल.

कोकणात याच कसोटीवर एक चूक नेहमी होते. कूळकायद्याला सर्रास 'समाजवादी कायदा' म्हणतात. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेली, आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. पण कलम ३२ग खाली किंमत ठरते, ती भरल्यावर ३२म चे प्रमाणपत्र मिळते, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून त्या कुळाचे नाव लागते. विकण्यावर बंधने आली, तरी जमीन समाजाच्या नावावर झाली नाही. एका मालकाच्या जागी अनेक छोटे मालक आले. खोताच्या जाचातून लाखो माणसे सुटली. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी 'जमीनसुधारणा' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे.

सरकारी मालकीचेही तसेच. कोकण रेल्वे महामंडळ केंद्र आणि चार राज्यांच्या भागभांडवलातून उभे राहिले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुरुवातीला २२ टक्के होता. ही सार्वजनिक मालकी खरी, पण एका रेल्वेमुळे अख्खी अर्थव्यवस्था समाजवादी होत नाही. नॉर्वेतल्या इक्विनॉर या तेल कंपनीत सरकारचा ६७ टक्के वाटा आहे, तिथेही हाच न्याय लावावा.

आता पहिल्या बाजूचा आधार. 'समाजवादी' हा शब्द ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानाच्या उद्देशिकेत आला. तो काढावा अशी मागणी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले की भारतीय संदर्भात समाजवाद म्हणजे मुख्यतः कल्याणकारी राज्य, आणि खासगी उद्योगाला त्याने अटकाव होत नाही. नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते, तेही या व्यापक अर्थानेच समजून घ्यावे लागते. म्हणून भारताबद्दल लिहिताना 'संविधानाच्या अर्थाने समाजवादी' असे लिहिले तर ते बिनचूक आहे. तो अर्थ उचलून स्वीडनला चिकटवणे मात्र बरोबर नाही, कारण तो आपल्या संविधानाचा लावलेला अर्थ आहे.

मग स्वीडनसाठी शब्द कोणता? 'सामाजिक लोकशाही' सुचवला जातो, पण मी तो टाळतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हा शब्दप्रयोग स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणाऱ्या जीवनपद्धतीसाठी केला, आणि मराठी वाचकाच्या मनात तोच अर्थ रुजला आहे. तो रुजलेलाच राहावा. 'लोकशाही समाजवाद' ही नाथ पै, मधु दंडवते या कोकणातल्या समाजवादी खासदारांच्या परंपरेची ओळख आहे. त्यांच्या जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या भागात ती आजही कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पक्षाच्या विचारसरणीबद्दल लिहायचे असेल तर 'सोशल डेमोक्रॅटिक' हेच देवनागरीत लिहावे, आणि व्यवस्थेबद्दल लिहायचे असेल तर 'कल्याणकारी बाजार अर्थव्यवस्था' म्हणावे. शब्द लांब आहे, पण त्याचे दोन्ही भाग खरे आहेत.

त्या लेखातले वाक्य असे करता येईल: 'खासगी उद्योग चालू ठेवून करांतून सर्वांना शिक्षण, आरोग्य आणि पेन्शन देणारे स्वीडन, डेन्मार्कसारखे देश'. जागा कमी असेल तर 'स्वीडन, डेन्मार्कसारखी कल्याणकारी राज्ये' एवढे पुरते.