चाचणीआधी इतके खासगी प्रश्न का विचारतात?

तुमचं म्हणणं असं की, लग्न ठरलंय म्हणून लैंगिक आजारांच्या तपासण्या करायला गेलात आणि रक्त घेण्याआधीच किती जणांशी संबंध आले, कंडोम वापरला का, असं विचारलं गेलं. तुम्हाला ते अपमानाचं वाटलं. सरसकट सगळ्यांच्या सगळ्या टेस्ट का करत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं समुपदेशक म्हणून हेच प्रश्न विचारत आले आहे. विचारण्याची पद्धत चुकली तर अपमान होतो, हे मान्य. पण प्रश्नांशिवाय तपासणी केली तर काय होतं, ते आकड्यांत बघा. समजा, एखादी टेस्ट शंभरातल्या ९९ निरोगी माणसांना बरोबर निगेटिव्ह दाखवते. १००० जणांत खरे आजारी दोनच असतील, तर त्या दोघांसोबत जवळजवळ १० निरोगी माणसंही पॉझिटिव्ह येतील. तीच टेस्ट ५० आजारी असलेल्या १००० जणांत केली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेक खरेच आजारी निघतील. टेस्ट एकच, पण कोणाची केली यावर रिपोर्टचा अर्थ बदलतो. लग्नाच्या तोंडावर चुकीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडलेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. म्हणूनच लॅबच्या पॅकेजमध्ये ‘हर्पिस आयजीएम’ (हर्पिस या लैंगिक आजाराची एक रक्ततपासणी) असेल तर ती करू नका. लक्षणं नसलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही, उगाच घोर लागतो.

शिवाय उत्तरांवरून नमुना कुठून आणि कधी घ्यायचा हेही ठरतं. घशात किंवा गुदद्वारात गनोरिया (परमा) असेल तर लघवीच्या तपासणीत तो सापडेलच असं नाही. शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर एचआयव्हीची साधी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी पुन्हा करावी लागते.

पण हे प्रश्न अपुरे पडतात, हेही मला सांगायलाच हवं. सातपूरकडची एक बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून आली होती. मी फॉर्म भरायला घेतला, तर म्हणाली, “ताई, मला काय विचारता? मी घर सोडून कुठं जाते?” सगळी उत्तरं ‘नाही’. मी ‘जोखीम नाही’ असं लिहिलं आणि रक्त तपासायला सांगितलंच नाही. काही महिन्यांनी ती गरोदर राहिली, नेहमीच्या तपासणीत व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक आजाराची पहिली रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, पुढच्या टेस्टमध्येही सिफिलिस निघाला. नवरा कांद्याचा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचा. पेनिसिलिनची इंजेक्शनं दोघांनाही दिली, बाळ ठीक झालं. तरी तो फॉर्म मी विसरलेले नाही. तिच्या वागण्याचे सगळे प्रश्न मी विचारले होते. तिला धोका होता तो दुसऱ्याच्या वागण्यातून, आणि ते तिलाही माहीत नव्हतं.

गरोदर बाईची एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी ही तपासणी असे खासगी प्रश्न न विचारता सुचवतात, ती याचसाठी. अमेरिकेतही २४ वर्षांपर्यंतच्या, संबंध येत असलेल्या सगळ्या मुलींची क्लॅमिडिया या लैंगिक आजाराची तपासणी करावी अशी शिफारस आहे. तिथे वय हीच जोखीम धरतात, कारण बहुतेकींना लक्षणंच नसतात. मीसुद्धा तेव्हापासून ‘मिस्टर कामानिमित्त बाहेर मुक्कामी असतात का?’ हे विचारू लागले. आणि सगळी उत्तरं ‘नाही’ आली तरी कुणाला तपासणी हवीच असेल, तर ती नाकारत नाही.

तुम्ही एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी करून घ्या. लघवीतून क्लॅमिडिया-गनोरिया करायचं की नाही ते तुमच्या उत्तरांवर ठरेल, म्हणून ती खरी द्या. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, रिपोर्टही गुप्त ठेवावा लागतो. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन लावा. जमलं तर होणाऱ्या बायकोलाही सोबत न्या, फक्त दोघांशी वेगवेगळं बोला असं समुपदेशकांना आधीच सांगून ठेवा.