संमतीपत्रात न दिसणारे धोके

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. महिन्यापूर्वी मोरीत घसरले. आता पाय ओढतात, बोलताना अडखळतात. मेंदूवर जुनं रक्त साठलंय, भोक पाडून काढू, असं डॉक्टर म्हणतात. संमतीपत्रातले ‘लकवा, कोमा, मृत्यू’ वाचून आईचे हातपाय गळालेत.

उत्तर : छापील संमतीपत्र मोठ्या गाठीलाही तेच आणि तुमच्या वडिलांनाही तेच. या ऑपरेशनमध्ये मेंदू कापत नाहीत. कवटीला एक-दोन भोकं पाडून आवरणाखालचं पातळ, काळपट रक्त वाहू देतात, बहुधा एक-दोन दिवस नळी ठेवतात. जास्त धोका रक्त पुन्हा साठण्याचा. दहांत एखाद्याला, कधी दोघांना, पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. शिवाय फिट, जंतुसंसर्ग. आणि या वयात पडून राहिल्यानं होणारा न्यूमोनिया. म्हणून सिस्टर लवकर उठवून बसवायला लागल्या, तर ‘आराम करू द्या’ म्हणू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच सर्जनना सांगा. ‘ती तर हार्टची गोळी’ म्हणून न सांगणारे पुष्कळ भेटतात. पण स्वतःहून बंदही करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर.

प्रश्न : पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकातून काढून दहा दिवस झाले. वाकलं की एका नाकपुडीतून पाणी टपकतं. सर्दी असेल का?

उत्तर : वाफ घेत बसू नका, आजच सर्जनना दाखवा. पाण्यासारखं स्वच्छ, घशात खारट लागणारं असेल, तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असण्याची शक्यता आहे. त्याच वाटेनं जंतू आत शिरून मेंदूज्वर होतो. नाक शिंकरू नका, शौचाला जोर करू नका. ताप आला, मान आखडली तर रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : अपघातानंतर भावाच्या कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. कोणाला सांगितलं तर थट्टा वाटते.

उत्तर : थट्टा नाही. मेंदू सुजतो, कवटी फुगत नाही. म्हणून जागा करून देतात. पोटाच्या कातडीखाली हाड सांभाळायला फ्रीझर लागत नाही. ते कधी झिजतं, कधी त्यात पू होतो. मग टायटॅनियमची जाळी बसवतात. कवटी पुन्हा झाकेपर्यंत, ज्या बाजूचं हाड काढलंय त्या कुशीवर झोपू देऊ नका.

प्रश्न : मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) काढून सहा महिने झाले. फिट कधीच आली नाही. गोळी बंद करू?

उत्तर : डॉक्टरांना विचारून, तेही हळूहळू. एकदम थांबवली तर त्यानंच फिट येऊ शकते. गोळी सुटेपर्यंत स्कूटर आणि विहिरीतलं पोहणं, दोन्ही बंद.