पाणचक्कीचा नकाशा काढण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की निवडलीस, मनापासून आनंद झाला. आराखडा वाचला. जातं, हौद, मशीद यांवर पानंच्या पानं आहेत, तिथं पाणी आणणारी नहर मात्र तू एका ओळीत आटोपलीस. आधी तिच्याकडे जा.

वास्तू बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीकाठी आहे; तिचा जीव मात्र काही किलोमीटर उत्तरेला, डोंगरात आहे. तिथलं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर मातीच्या नळांतून शहरात आणलं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी या शहराच्या पाणीयोजनेसाठी वापरलेलीच ही रीत. वाटेत मनोरे आहेत. पाणी त्यांत वर चढतं, नळात कोंडलेली हवा निघून जाते आणि पाणी पुढच्या नळात उतरतं. शेवटी उंचावरून पडणारी धार खालच्या चाकाच्या पात्यांवर आपटायची, उभ्या दांड्याबरोबर जात्याची वरची तळी फिरायची आणि फकीर-यात्रेकरूंसाठी दळण निघायचं. चक्कीचं बांधकाम १७४४च्या सुमाराचं, जमील बेग खानाच्या नावावर आहे. पाणी डोंगरातूनच येतं, म्हणजे वरच्या वस्तीत पायासाठी खोदताना एक नळ फुटला, तर तो घाव थेट चक्कीलाच बसतो. तुझ्या नकाशात ही सगळी रेषा हवी.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो हौदाखालच्या दालनाचा. हौदाचा तळ हेच त्याचं छत! डोक्यावर एवढं पाणी, खाली जाड खांब आणि भर उन्हाळ्यातही गारवा. तिथं ओल कुठे धरते ते पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा जाऊन टिपून ठेव. गळती दिसली की सिमेंटचा गिलावा सुचवायचा मोह होईल, तो टाळ. सिमेंट ओल आत कोंडतं, मग क्षार दगडाचाच पापुद्रा काढतात. दुरुस्ती चुन्यातच हवी, आणि चुना नीट मळणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, तो आतापासून शोध.

दर्गा नांदता आहे. मोजमाप घेण्याआधी तिथल्या सेवेकऱ्यांना विचार, नमाजाच्या वेळी टेप गुंडाळून ठेव. आसपासच्या म्हाताऱ्या माणसांशी निवांत बोल. बुजलेले मनोरे कुठे होते, हे त्यांच्याकडूनच कळेल.

नहरीची रेषा कच्ची का होईना, काढून पाठव. दालनाचं छेदचित्र त्यानंतर बघू.

तुझे सर