जेलची पट्टी आणि वालुमाशीचा व्रण

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सौरऊर्जा प्रकल्पाच्या कामासाठी बिकानेरला होता. तिथे मनगटावर आलेली पुळी फुटून व्रण झाला असून तो काही महिने भरून येत नाही. दुखत मात्र नाही. सहकाऱ्यांच्या मते हा वालुमाशी चावल्याने होणारा रोग आहे. औषधाच्या दुकानातील हायड्रोजेलची पट्टी लावल्यास तो बरा होईल का?
– एक वाचक, शिरोली, जि. कोल्हापूर

उत्तर : सहकाऱ्यांचा तर्क दुर्लक्ष करण्याजोगा नाही. बिकानेर परिसरात त्वचेच्या लेशमॅनियासिसचे, म्हणजे वालुमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचे, रुग्ण आढळतात आणि न दुखणारा, उंच कडांचा व्रण हे त्याचे नेहमीचे रूप आहे. कोल्हापुरात हा रोग चटकन कोणाच्या ध्यानात येणार नाही, म्हणून सीपीआर या शासकीय रुग्णालयात किंवा अन्य त्वचारोगतज्ज्ञांकडे दाखवताना बिकानेरच्या मुक्कामाचा उल्लेख आपण होऊन करावा. व्रणाच्या कडेचा खरवडलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करता येते. त्यात दिसणारी परजीवीची गोलसर रूपे लेशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये वर्णन केली.

हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे) जाळे. ओलसर जखम कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवले होते आणि दुकानातील साधी पट्टी तेवढेच काम करते; परजीवी मारणारे औषध तिच्यात नसते. शिवाय हा परजीवी व्रणाच्या पृष्ठभागावर नसून, जंतू गिळण्यासाठी शरीराने नेमलेल्या भक्षक पेशींच्याच आत वाढतो. व्रणाच्या मध्यभागी त्वचेचा वरचा थर गेलेला असला तरी उंचावलेल्या कडेवर तो शाबूत असतो, आणि परजीवी तर बहुधा त्या कडेतच सापडतात, त्यामुळे वरून लावलेल्या औषधाला आधी हा थर आणि मग पेशीचे आवरण अशा दोन भिंती ओलांडाव्या लागतात. संशोधकांना हायड्रोजेलचे आकर्षण आहे ते यासाठीच : ओलाव्याने वरचा थर फुगून औषधाला वाट मिळते आणि जाळ्यात साठवलेले औषध हळूहळू सुटत राहते. अँफोटेरिसिन बी हे या परजीवीवरील औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते सूक्ष्मकणांत गुंडाळून जेलमध्ये मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु हे काम मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहे. त्याच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत.

प्रत्यक्ष उपचारांत व्रणातच अँटिमनीचे इंजेक्शन देणे, नियंत्रित उष्णता देणे, १५ टक्के पॅरोमोमायसिनचे मलम, तसेच मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल यांचा समावेश होतो. व्रण पुष्कळ असतील, किंवा चेहऱ्यावर वा सांध्यावर असतील, तर केवळ स्थानिक उपचार अपुरे ठरू शकतात. हा व्रण काही वेळा आपोआपही भरतो, पण कायमचा वण ठेवून जातो. मनगटासारख्या वाकणाऱ्या जागी तर वाट पाहणे मुळीच शहाणपणाचे नाही.

प्रश्न : वसतिगृहातून मुलगा खरूज घेऊन आला आहे. त्यालाही अशी पट्टी चालेल का?
– एक माता, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. खरजेचा किडा एका जागी राहत नाही, त्यामुळे पट्टीखाली थोडीशी त्वचा झाकून काही साधत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायांपर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांतही रात्रभर लावावे, आठवड्याने पुन्हा लावावे आणि घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, ते त्याच रात्री लावावे. अंथरूण व कपडे गरम पाण्यात धुवावेत. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, तेव्हा त्या काळात मलमाचा मारा करू नये.