वाचकांचे प्रश्न : ‘माझ्याइतकाच उंच’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

प्रश्न : मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, क्लायंट इंग्लंडचे, त्यामुळे दर आठवड्याला कॉल असतो. मुलगा दहावीला आहे आणि आता माझ्याएवढा झालाय. हे परवा कॉलवर सांगताना आधी ‘ही इज इक्वल टॉल लाइक मी’ असं काहीतरी म्हटलं, मग सुधारून ‘ॲज टॉल ॲज आय’ म्हटलं. समोरची बाई हसली आणि विषय पुढे गेला, पण माझ्या डोक्यात तेच राहिलं. बरोबर काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ‘ही इज ॲज टॉल ॲज मी नाऊ.’ बस, एवढंच. (हा ‘मी’ इंग्रजीतला बरं का, देवनागरीत लिहिलं की असा घोळ होतो.)

‘ॲज टॉल ॲज आय’ व्याकरणाने चूक नाहीये, पण बोलताना कुणी असं म्हटलं की शेरवानी घालून भाजी आणायला गेल्यासारखं वाटतं. ईमेलमध्ये किंवा रिपोर्टमध्ये लिहायचं असेल तर ‘ॲज टॉल ॲज आय ॲम’ लिहा, त्यात कुणालाच खोट काढता येत नाही. ‘इक्वल टॉल’ मात्र होतच नाही, ‘दे आर इक्वली टॉल’ होतं, आणि तेही दोघांना एकत्र धरून म्हणायचं असेल तेव्हाच. ‘इक्वली ॲज टॉल ॲज’ असंही बरेच जण म्हणतात, त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, तेव्हा एक काहीतरी ठेवा. आणि ‘टॉल लाइक मी’ म्हणजे मी उंच आहे तसा तोही उंच आहे, पण दोघांची उंची सारखी आहे का ते त्यात येतच नाही.

आता खरी गोची कुठे होते ते सांगतो, कारण ‘मी’ की ‘आय’ हा तसा किरकोळ प्रश्न आहे. मराठीतला ‘इतका’ फार दिलदार आहे, तो कुणालाही चिकटतो. ‘माझा पगार भावाइतकाच आहे’ असं आपण बिनधास्त म्हणतो, पगाराची तुलना भावाशी होतेय हे कुणाला खटकत नाही. तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ‘माय सॅलरी इज ॲज हाय ॲज माय ब्रदर’ होतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पगाराच्या ढिगाऱ्याशेजारी उभा असलेला भाऊ येतो. तिथे ‘ॲज माय ब्रदर्स’ पाहिजे, म्हणजे भावाचा पगार. हवेचंही तेच, ‘द वेदर इन पुणे इज नॉट ॲज ह्युमिड ॲज मुंबई’ असं म्हणू नका, ‘ॲज इट इज इन मुंबई’ म्हणा. पहिल्या ‘ॲज’च्या अलीकडे जी वस्तू आहे त्याच जातीची वस्तू दुसऱ्या ‘ॲज’च्या पलीकडे हवी, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका जातात.

क्रियापद असेल तर ते पुन्हा अख्खं म्हणायचं नाही. ‘शी सिंग्ज ॲज वेल ॲज आय सिंग’ शाळकरी वाटतं, ‘ॲज वेल ॲज आय डू’ म्हणा. ‘पहिल्याइतकं काम होत नाही’ याला ‘आय डोन्ट वर्क ॲज मच ॲज आय यूज्ड टू’. आणि एक गंमत, ‘आई लव्हज द डॉग ॲज मच ॲज मी’ याचे दोन अर्थ निघतात, आईचं कुत्र्यावर माझ्यावर आहे तितकंच प्रेम आहे, किंवा कुत्र्यावर माझं जितकं प्रेम आहे तितकंच आईचंही आहे. दुसरा अर्थ पाहिजे असेल तर ‘ॲज मच ॲज आय डू’ म्हणून टाका, घरात भांडण नको.

अजून एक. ‘ॲज टॉल ॲज’ म्हटलं म्हणून कुणी उंच असतोच असं नाही, दोन बुटकी माणसंही एकमेकांच्या ‘ॲज टॉल ॲज’ असतात, पाच वर्षांची दोन पोरंही ‘ॲज ओल्ड ॲज’ असतात. पण ‘शी इज ॲज शॉर्ट ॲज मी’ म्हटलं की दोघी ठेंगण्या आहेत हे तुम्ही बोलून बसलात. कॉलवर जपून.

बोलताना दोन्ही ‘ॲज’वर जोर देऊ नका. आपण ‘ॲज! टॉल! ॲज! मी!’ असं ठोकून म्हणतो. इंग्रज लोक दोन्ही ‘ॲज’ जवळजवळ गिळतात, ‘अझ टॉल अझ मी’, जोर सगळा ‘टॉल’वर. माझ्या मते व्याकरणाच्या निम्म्या नियमांपेक्षा ही एक सवय जास्त कामाची आहे.

प्रश्न : ‘ॲज... ॲज’ म्हणजे तंतोतंत सारखं ना? मग थोडंसं कमीजास्त असेल तर काय म्हणायचं?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : तंतोतंत असं नाही. ‘ॲज गुड ॲज’ म्हणजे निदान तितका तरी, म्हणूनच ‘ही इज ॲज गुड ॲज हिज ब्रदर, इफ नॉट बेटर’ हे वाक्य चालतं, त्यात आपलंच म्हणणं आपण खोडतोय असं होत नाही. नकार आला की मात्र एकच अर्थ, ‘नॉट ॲज गुड’ म्हणजे कमीच.

कमीजास्त दाखवायला पहिल्या ‘ॲज’च्या आधी एखादा शब्द बसवायचा आणि खरं सांगायचं तर नॅचरल इंग्रजीची सगळी मजा तिथेच आहे. तुमच्याच तालुक्याशेजारच्या कळसूबाईचं उदाहरण घ्या. कळसूबाई 1646 मीटर आणि साल्हेर 1567, फरक 79 मीटरचा, म्हणून ‘साल्हेर इज ऑलमोस्ट ॲज हाय ॲज कळसूबाई’ किंवा ‘इझन्ट क्वाइट ॲज हाय’. महाराष्ट्र 3,07,713 चौरस किलोमीटर आणि इटली तीन लाखांच्या किंचित वर, तेव्हा ‘महाराष्ट्र इज अबाउट ॲज बिग ॲज इटली’. गोवा 3,702 चौरस किलोमीटर, म्हणून ‘गोवा इज नोव्हेअर निअर ॲज बिग’, आणि हिशोब मांडायचा असेल तर ‘महाराष्ट्र इज अबाउट एटी-थ्री टाइम्स ॲज बिग ॲज गोवा’. अगदी तेवढंच असेल तर ‘जस्ट ॲज’ किंवा ‘एक्झॅक्टली ॲज’. ‘व्हेरी ॲज’ मात्र नसतंच.

पटीत सांगताना ‘थ्री टाइम्स बिगर’ टाळलेलं बरं, काही लोक त्याचा अर्थ चौपट घेतात आणि मग वाद सुरू होतो. ‘थ्री टाइम्स ॲज बिग’मध्ये वादाला जागाच नाही. दुप्पटला ‘ट्वाइस ॲज’, निम्म्याला ‘हाफ ॲज’.

प्रश्न : सर आमच्याकडे पेपरात ‘डिग्री बदला’ (तुलनेचं रूप बदलून तेच वाक्य पुन्हा लिहा) या प्रश्नामध्ये ‘नो अदर मेटल इज ॲज युजफुल ॲज आयर्न’ असं येतं. असं खरंच कोण बोलतं का? आणि नकारात ‘सो... ॲज’च लिहायचं असं क्लासमध्ये सांगतात.
— दहावीचा एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : बोलत नाही रे बाबा कुणी. बोलताना लोक ‘नथिंग्ज ॲज युजफुल ॲज आयर्न’ म्हणतील नाहीतर सरळ ‘आयर्न इज द मोस्ट युजफुल मेटल’. पण वाक्य चूक नाही आणि पेपरात त्याचे मार्क आहेत, तेव्हा पेपरात ते लिही आणि ‘अदर’ विसरू नको. ते गाळलंस तर लोखंड स्वतःइतकंही उपयोगी नाही असा अर्थ होतो! ‘नॉट सो... ॲज’ आणि ‘नॉट ॲज... ॲज’ दोन्ही बरोबर, ‘सो’वालं थोडं जुन्या वळणाचं, आज बोलण्यात ‘नॉट ॲज’च जास्त ऐकू येतं. सर ‘सो’च मागत असतील तर परीक्षेपुरतं ‘सो’ लिही. होकारात मात्र ‘सो टॉल ॲज’ कधीच नाही.

प्रश्न : ‘ॲज अ गुड बॉलर ॲज’ का नाही चालत?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : कारण ‘ॲज’ला विशेषण लगेच शेजारी लागतं, मध्ये कुणी आलेलं चालत नाही, म्हणून बिचारा ‘अ’ मागे जातो. ‘ही इज ॲज गुड अ बॉलर ॲज एनीवन इन द टीम.’ ही युक्ती एकवचनापुरतीच. ‘ॲज गुड बॉलर्स ॲज’ कानाला बरं लागत नाही, ‘बॉलर्स ॲज गुड ॲज देम’ म्हणा. चहाचंही तसंच, ‘टी ॲज गुड ॲज धिस’.

प्रश्न : पेपरात ‘ॲज मेनी ॲज फिफ्टी पीपल’ असं छापतात, तिथे तुलना कशाशी असते?
— एक वाचक, वाशी

उत्तर : कशाशीच नाही. ‘तब्बल पन्नास’ मधला ‘तब्बल’ आहे तो. तसंच ‘ॲज अर्ली ॲज 1853’, म्हणजे इतक्या आधी की 1853 मध्येच, ज्या वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. मोजता येणाऱ्याला ‘ॲज मेनी’, पाणी-पैसा-वेळ याला ‘ॲज मच’. ‘द वर्क इज ॲज गुड ॲज डन’ मध्येही चांगलंवाईट काही नाही, काम झाल्यातच जमा आहे एवढाच अर्थ, आणि साहेबांना असं सांगितल्यावर संध्याकाळपर्यंत ते खरंच संपवावं लागतं.