विंडोज १० बंद झालं, मशीन विंडोज ११ घेत नाही. मराठी डीटीपीसाठी लिनक्सवर जावं का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय५ चा आहे, रॅम ८ जीबी, घरून पुस्तकांची आणि अहवालांची मराठी डीटीपी (काँप्युटरवर पानं लावायचं काम) करता, विंडोज ११ चालणार नाही असा निरोप येतोय आणि भाचा म्हणतोय लिनक्स (विंडोजच्या जागी बसणारी फुकट सिस्टिम) टाक. खालची बाकी उत्तरं वाचली. लिनक्सचा प्रकार म्हणून कुणी मिंट सांगितलंय, कुणी उबुंटू, एक जण तर ‘मॅक घ्या’ म्हणून मोकळा झालाय. तुमच्या जुन्या फाइली कुठल्या फॉन्टात आहेत, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही. यांच्यापैकी कुणी सप्टेंबरात पतसंस्थेचे अहवाल छापून दिलेले नाहीत, हे लगेच कळतं.

मी दिलेत. विट्याकडे आमची प्रेस आहे. सासऱ्यांनी ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छपाई यंत्रावर, सुरू केली, नंतर ऑफसेट आलं, काँप्युटर आले. काँप्युटर म्हणजे भाऊजींचं खातं. मी लग्न होऊन आले ती टायपिंगची ४० ची परीक्षा पास होऊन, पण पहिली काही वर्षं मला फक्त बिलं लिहायला बसवलं होतं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

आधी सरळ सांगते. विंडोज की लिनक्स हा तुमचा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुमचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर द्यायची पद्धत) आहे की जुन्या पॅकेजच्या फॉन्टात. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजांच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं ‘मराठी’ फाइलीत मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्यावर क, ख, काना, मात्रा रंगवतो. प्रत्येक पॅकेजची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. दागिने आपले, लॉकर आपलं, पण किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला. हे तुम्हाला माहीत असणार, भाच्याला वाचून दाखवा.

आता आमच्याकडं काय झालं ते ऐका. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. सभेच्या आधी अहवाल सभासदांच्या हातात पडला पाहिजे. त्यामुळे गणपतीच्या आगेमागे तालुक्यातल्या सगळ्या पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या एकदमच येतात. अहवालाचा बहुतेक मजकूर गेल्या वर्षीचाच असतो. मागची फाइल उघडायची, ताळेबंदातले आकडे बदलायचे, चेअरमनचं मनोगत नवं घालायचं, श्रद्धांजलीची यादी नवी करायची. ही सगळी दौलत एका विंडोज एक्सपीच्या मशीनवर. पानं लावायचं पेजमेकर, त्यावर फॉन्टचं पॅकेज, आणि पॅकेजचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय पॅकेज चालत नाही तो खटका, मागच्या जाड पोर्टला खोचलेलं. ऐन सीझनमध्ये एका सकाळी ते लॉक मशीनला दिसेनासं झालं.

भाऊजींनी खोडरबरानं पिना घासल्या, पोर्टात फुंकर मारली, मशीन उलटंपालटं केलं. पॅकेजवाल्यांना फोन लावला. ती आवृत्ती आता बंद आहे, नवी घ्या, असं उत्तर आलं. आणि नव्या आवृत्तीत जुनी फाइल जशीच्या तशी उघडेल का, यावर ‘बहुतेक उघडेल’. बहुतेकवर अहवाल छापता येत नाहीत. भाऊजी म्हणाले, “कोल्हापुरात एकाकडं तसलंच लॉक हाय, घेऊन येतो.” आणि गेले.

मी तोवर त्यांनीच भंगारात काढलेल्या एका मशीनवर मिंट टाकून घेतलं होतं. त्यावर लग्नाचे बायोडाटे, हळदीकुंकवाच्या पत्रिका असली किरकोळ कामं मी युनिकोडमध्ये करायची. प्रेसमधल्या कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. पेजमेकरच्या जुन्या फाइली लिब्रे ऑफिस या फुकट पॅकेजच्या ड्रॉमध्ये उघडतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. एका पतसंस्थेची मागच्या वर्षीची फाइल तिथं उघडली. पानांची मांडणी विस्कटली, चौकटी इकडच्या तिकडं गेल्या, पण मजकूर बाहेर आला. अर्थात सगळा इंग्रजी चिन्हांचा चिवडा. तो उचलून त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमध्ये (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनात) घातला. हे कन्व्हर्टर बहुतेक साध्या वेबपानाच्या रूपात असतात, ब्राउझरमध्ये चालतात, खाली विंडोज आहे की आणखी काही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

आणि मग खरं काम सुरू झालं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. साध्या ‘कि’ला काही होत नाही. ‘स्थिती’ आली की कन्व्हर्टरनं वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडं नेली पाहिजे, आमच्याकडं ती निम्म्या ठिकाणी मध्येच लटकली. रफाराचं उलटं, तो नंतर टाइप केलेला असतो आणि त्याला अक्षराच्या आधी आणायचा असतो. सगळ्यात जास्त घाम काढला तो ‘ऱ्य’नं. सोसायटीच्या अहवालात दर दोन ओळींनी शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, वाऱ्यावादळाने. कन्व्हर्टरनं सगळीकडं ‘शेतकर्यांना’ करून ठेवलेलं. हिंदीवाल्यांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून कन्व्हर्टर बनवणाऱ्यालाही पडलेला नसतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, असं नीट टाइप केलं तर येतो. पण सरसकट बदलून चालत नाही. ‘कार्यांना’, ‘सूर्यास्त’ यांतला रफार रफारच राहिला पाहिजे. म्हणून डोळ्यांनी बघूनच दुरुस्त करायचं.

आकडे त्याहून धोक्याचे. काही मराठी झाले, काही इंग्रजीच राहिले, आणि एका तक्त्यात दशांश चिन्हाच्या जागी भलतंच चिन्ह आलं. ताळेबंदात असं चिन्ह निसटलं तर सभेत चेअरमनला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि नंतर तो आमच्या दारात येतो. शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी मुद्रितं वाचायला आले, मी आणि ते रात्री उशिरापर्यंत बसलो. एक जण आकडे वाचणार, दुसरा मागच्या छापील अहवालात बोट ठेवून तपासणार.

पानं स्क्रायबस या फुकट डीटीपी प्रोग्रॅममध्ये लावली. स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरं व्यवस्थित येतात, जुन्या १.४ मध्ये यायची नाहीत, त्यामुळे कुणी ‘स्क्रायबसमध्ये मराठी फुटतं’ म्हणालं तर आधी आवृत्ती विचारा. छपाईचे चार मूळ रंग (सीएमवायके) मिळतात, छपाईची पीडीएफ निघते. छपाईच्या प्लेटा काढणारा सवयीनं म्हणाला, ‘ओपन फाइल द्या, कोरेलमध्ये’, म्हणजे त्याला बदल करता येतील अशी. म्हटलं, ओपन नाही, बंदच आहे, पीडीएफवरून काढा. निघाल्या प्लेटा.

अहवाल वेळेत गेले. भाऊजी कोल्हापूरहून लॉक घेऊन आले होते, ते आमच्या सिरियल नंबरच्या पॅकेजला चाललं नाही. पण आजही चार पाहुणे जमले की सांगतात, “लॉक मिळालं असतं तर एका दिवसात झालं असतं. वहिनींनी उगं लिनक्सचं खूळ काढलं.” आणि वर, “कन्व्हर्टर तर विंडोजवरबी चालतंय की!” चालतं. शंभर टक्के चालतं. पण तो चालवायला बसायला कोण तयार होतं, हेही कधी तरी सांगावं त्यांनी. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये संपले, पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. इतकी वर्षं ‘चाललंय न्हवं, मग कशाला हात लावायचा’ हे एकच उत्तर होतं.

तर तुमच्यासाठी. जुन्या फाइली आधी युनिकोडमध्ये आणा, आणि ते काम विंडोज चालू असतानाच करा, म्हणजे मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून ताडून बघता येईल. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, मशीन थांबलेलं नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात. तेवढ्या मुदतीत फाइली आवरा. प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ काढून ठेवा, पुढं ताडायला तीच उपयोगी पडते. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. नियम चुकवून ते बसवायच्या युक्त्या फिरत असतात, पोटापाण्याच्या मशीनवर त्या करू नयेत.

मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि काम मुख्यतः पुस्तकांचं, अहवालांचं असेल, तर माझ्या मते जावं. तुमच्या लॅपटॉपवर मिंट आरामात पळेल, हार्ड डिस्क जुन्या प्रकारची असेल तर एसएसडी ही वेगवान डिस्क मात्र टाकून घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. लिब्रे ऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट ‘सीटीएल’च्या (देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिपींच्या) रकान्यात निवडायचा असतो, वरच्या रकान्यात बदलून काही होत नाही, आणि भाषा मराठी ठेवायची. फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत. पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या, मथळ्यांना मुक्ता, संस्कृत श्लोक वगैरे असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका. मराठी कळफलकासाठी आयबस आणि एम१७एन हे प्रोग्रॅम टाका. इनस्क्रिप्ट येत असेल तर पहिल्या दिवसापासून हात बसतो, टाइपरायटरची सवय असेल तर रेमिंग्टनची मांडणी तिथं सापडते, पण काही चिन्हांच्या जागा वेगळ्या निघतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. कोरेल, इनडिझाइन, फोटोशॉप यांतलं एकही रोज लागत असेल तर जाऊ नका. वाइननं (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनानं) चालतं असं सांगणारे गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुमच्या मदतीला येत नाहीत. आमच्याकडंही फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं कोरेलचं मशीन विंडोजचंच आहे आणि राहणार आहे, यावर भाऊजींचं आणि माझं एकमत आहे. हिशेबाचं टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा. प्रिंटरचंही तसंच. काही स्वस्त लेझर प्रिंटर स्वतः काहीच करत नाहीत, अख्खं पान काँप्युटरनं तयार करून द्यावं लागतं. असले प्रिंटर लिनक्सवर दिवस खातात. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या भाषा कळणारा असेल तर लावला की चालतो.

म्हणून पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून, काही न पुसता, आधी प्रिंटर आणि वायफाय तपासा. भाच्याला ‘इन्स्टॉल’चं बटण दाबू देण्याआधी बिटलॉकर (विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, ती त्या दिवशी मशीनला जोडलेली नको.

आणि घरात कुणी ‘चाललंय न्हवं’ म्हणणारं असेल तर त्यांना विचारून परवानगीची वाट बघत बसू नका, फाइली बदलायला घ्या. आमच्याकडं एक्सपीच्या काळातल्या अहवालांच्या सीड्या अजून भाऊजींच्या कपाटात आहेत. म्हटलं, द्या, सीड्या वाचल्या जातायत तोवर उतरवून युनिकोडमध्ये आणून ठेवते. म्हणाले, दिवाळीनंतर बघू. कुठली दिवाळी, ते नाही सांगितलं.